बाईंचा आवाज बसला ते वर्ष

आमच्या गणिताच्या बाईंना सगळी शाळा ‘तोफ’ म्हणायची. हे नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक. आमच्या आधीच्या मुलांकडून आम्हाला ते बाकांसारखंच मिळालं होतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. बाई अंगानं अगदी लहानखुऱ्या. फळ्याच्या वरच्या कडेला लिहायचं तर टाचा उचलायला लागायच्या. पण आवाज असा, की वरच्या मजल्यावर त्या कोन शिकवायला लागल्या की रस्त्यापलीकडचा शिंपी मशीन थांबवून गिऱ्हाइकाला म्हणायचा, “थांबा जरा, एवढा काटकोन होऊ दे, मग माप घेतो.”

मी आठवीत होते, ‘क’ तुकडीत. ‘क’ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ‘अ’मध्ये हुशार, ‘ब’मध्ये बरी आणि उरलेली सगळी आमच्यात. वर्गही तसाच उरलेला मिळालेला, मजल्याच्या अगदी टोकाला. एका बाजूला उंच खिडक्या, त्यांची वरची तावदानं उघडायला कोपऱ्यात एक लांब काठी, आणि फळ्याच्या मधोमध एक भेग. त्या भेगेमुळे बाईंनी काढलेली प्रत्येक सरळ रेषा मध्येच एकदा ठेचकाळायची.

बाई आम्हाला नावानं ओळखत नव्हत्या. “खिडकीकडचा तिसरा बाक, उभी राहा!” “लाल रिबीन, उत्तर!” एवढीच आमची ओळख. त्यांच्याकडे इतके वर्ग होते की नावं लक्षात ठेवायची म्हटली तर प्रमेयं विसरली असती. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. पण तो आवाज अंगावर आला की येत असलेलं उत्तरही डोक्यातून साफ पुसलं जायचं. प्रमेय संपलं की त्या फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारायच्या, “कळलं का?” आणि आम्ही एका सुरात म्हणायचो, “हो, बाई.” कुणालाही काही कळलेलं नसायचं. पण नाही म्हणायची छाती कुणाची? आमच्या त्या ‘हो’वर पाय ठेवून बाई पुढच्या प्रमेयाकडे जायच्या.

आणि मला ‘भोंगा’ म्हणायचे. मी कुजबुजले तरी चार बाकांपर्यंत पोचायचं. आई म्हणायची, “तुला घशाच्या जागी काय बसवलंय गं? शेजारीण आत्ता विचारत होती, तुमच्याकडे कोण भांडतंय म्हणून. तू नुसती टॉवेल मागत होतीस.” मी निम्मा तास उभी असायचे ती याच गुणामुळे.

त्या वर्षी सहामाही झाली, थंडी पडली, आणि बाईंचा आवाज कुरकुरायला लागला. आधी नुसती खरखर. मग मध्येच तुटायला लागला. त्या गरम पाण्याची बाटली घेऊन वर्गात यायच्या, दोन घोट घ्यायच्या आणि पुन्हा तोफ डागायच्या. एका सकाळी त्यांनी हजेरी घ्यायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. आम्हाला हसू फुटणार होतं, पण बाईंनी गळ्यावर हात ठेवला आणि आमच्याकडे अशा बघत राहिल्या, की हसू जागच्या जागी विरलं.

डॉक्टर म्हणाले, घशात गाठी झाल्यात. जिवाला धोका नाही, पण इतकी वर्षं ओरडलात त्याचं हे फळ. आता काही महिने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंही नाही. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल.

मुख्याध्यापकांनी त्यांना ग्रंथालय लावायचं काम देऊ केलं. “वर्गावर जाऊन काय करणार तुम्ही? हातवारे?” त्यांचे इतर वर्ग बाकीच्या शिक्षकांनी वाटून घेतले. ‘आठवी क’ मात्र कुणालाच नको होती. प्रत्येकाला अचानक काही ना काही काम निघालं. शेवटी बाईंनी कागदावर लिहून दिलं, ‘आठवी क माझ्याकडे राहू द्या.’ मुख्याध्यापकांनाही तेच सोयीचं होतं. असा तो मुका तास आमच्या वाट्याला आला, कारण आम्ही कुणालाच नको होतो.

पहिला दिवस म्हणजे नुसता बाजार. तोफेत दारू उरली नाही म्हटल्यावर आम्हाला रान मोकळं. कागदाची विमानं उडाली, कुणी बाकावर ठेका धरला, कुणी खिडकीतून शिंप्याला हाका मारल्या. बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं, ते कुणाच्या कानावरही गेलं नाही. मग त्यांनी एक अशी गोष्ट केली जी आम्ही कधी पाहिली नव्हती. त्या आल्या आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर. जवळून पाहिल्यावर मला कळलं की त्या दमल्यात. त्यांच्या बाहीला खडू लागला होता आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं.

मला काय झालं माहीत नाही, मी उभी राहून ओरडले, “ए गप्प बसा रे सगळे! बाई आजारी आहेत, दिसत नाही का?”

वर्ग चिडीचूप. समोर शिंप्याचं मशीनसुद्धा थांबलं. बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता आपल्याला दाराबाहेर जावं लागणार. तर त्यांनी माझं मनगट धरलं, मला फळ्याजवळ नेलं, खडू घेतला आणि लिहिलं, ‘मोठ्यानं वाच.’

तेव्हापासून मी बाईंचा आवाज झाले. त्या लिहायच्या, मी वाचायची. ‘दोन समांतर रेषांना एका छेदिकेने छेदले असता होणारे व्युत्क्रम कोन एकरूप असतात.’ ‘व्युत्क्रम’वर माझी जीभ तीनदा अडखळली. चौथ्यांदा शब्द कसाबसा बाहेर पडला, आणि पुढचं वाक्य वाचायला घेताना मी थांबले.

“बाई,” मी म्हटलं, “हे मलाच कळलं नाही. मी यांना काय सांगू?”

वर्ग खो खो हसला. आणि बाईही हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत, पदर तोंडाशी धरून. बाईंना दात आहेत हे त्या दिवशी आम्हाला कळलं, असं माझ्या मागच्या बाकावरचा नंतर म्हणाला.

आता बाईंच्या घरचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून आलं. बाई आणि काका, म्हणजे त्यांचे यजमान, असे दोघंच. काकांनी उमेदीची वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत, मोठ्या करवतीवर काढलेली. त्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. त्यामुळे बाई घरीही ओरडायच्याच. चहा हवा का हे विचारायचं तरी तोफच. आता एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीला बोलायचं नाही. पुढे मी त्यांच्याकडे जायला यायला लागले तेव्हा काकांनीच हे सांगितलं.

“पहिले दोन दिवस घरात नुसती भांडी बोलत होती,” काका म्हणाले. “ही पाटीवर लिहायची, माझा चष्मा सापडायचा नाही. मग मी म्हटलं, अगं, आम्ही गिरणीत कसे बोलायचो? करवत चालू झाली की कुणाचा बाप आला तरी ऐकू यायचं नाही. सगळं हातानं चालायचं. तेच शिक की.”

आणि त्यांनी बाईंना गिरणीतल्या खुणा शिकवल्या. उघडा पंजा म्हणजे थांब. बोट गोल फिरवलं म्हणजे पुन्हा कर. अंगठा छातीला लावला म्हणजे कळलं. मूठ कपाळाला लावली म्हणजे कळलं नाही. ही शेवटची खूण गिरणीत सगळ्यांत जास्त लागायची, असं काका म्हणायचे. तिथं न कळता मान हलवली तर बोटं जायची. त्यामुळे कपाळाला मूठ लावायची लाज कुणालाच नव्हती.

बाईंनी त्या चार खुणा फळ्यावर काढल्या. चित्रकला यथातथाच, पंजा वांग्यासारखा दिसत होता. मी अर्थ वाचून दाखवला. आम्हाला तो खेळच वाटला. सगळे एकमेकांना पंजे दाखवायला लागले. मग बाईंनी आदल्या दिवशीचं प्रमेय पुन्हा मांडलं, आमच्याकडे वळल्या आणि भुवया उंचावल्या. ‘कळलं का?’

पहिल्या बाकांवरचे अंगठे भराभर छातीला गेले. जुनी सवय. पण शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, तिला आम्ही ‘सावली’ म्हणायचो. ती कधी बोलायचीच नाही. हजेरीला ‘हजर’ म्हणायची तेही ओठांतल्या ओठांत. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच मूठ कपाळाला लावली. तिच्या शेजारणीनं ते पाहिलं आणि तिचाही अंगठा छातीवरून निघून मूठ होऊन कपाळाला गेला. मग पुढचा बाक. मग खिडकीकडची रांग. बघता बघता सगळ्या वर्गाच्या मुठी कपाळाला. माझीही.

बाई हातात खडू घेऊन उभ्या राहिल्या. एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरत होती. मला वाटतं, त्या आम्हाला पहिल्यांदाच पाहत होत्या. मग त्यांनी वळून फळा पूर्ण पुसला आणि मधोमध लिहिलं, ‘कुठपासून?’

मला वाचायची गरजच पडली नाही. वर्ग आपणहून बोलायला लागला. कुणी म्हणालं, या धड्यापासून. कुणी म्हणालं, गेल्या वर्षापासून. मागच्या बाकावरचा म्हणाला, “बाई, मला अपूर्णांकांपासूनच काही कळत नाही.” एरवी यावर आम्ही हसलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण निम्म्यांचं तेच होतं.

बाई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ खडू बोटांत फिरवत राहिल्या. मग उठून ‘कुठपासून?’च्या खाली लिहिलं, ‘बरं. तिथून सुरू करू.’

आणि खरोखरच तिथून सुरू केलं. आठवीच्या वर्गात अपूर्णांक! मी वाचायची, अडायची, विचारायची. बाई लिहायच्या, पुसायच्या, दुसऱ्या शब्दांत लिहायच्या. लिहून हात दुखायचा म्हणून वाक्यं छोटी झाली, आणि वाक्यं छोटी झाली तशी गणितं आमच्या आवाक्यात आली. ज्याला कळलं तो उठून न कळलेल्याच्या बाकावर जायचा. बाई रांगांमधून फिरायच्या. लांबून हाक मारायची सोय नव्हती, म्हणून जवळ येऊन खांद्यावर हात ठेवायला लागायचा. हजेरी मी घ्यायची आणि बाई दाराशी उभं राहून नाव आणि चेहरा यांची जोडी लावायच्या. काही दिवसांनी त्या खांद्यावर हात ठेवून वहीच्या कोपऱ्यात आमची नावं लिहायला लागल्या. ‘लाल रिबीन’ला स्वतःचं नाव बाईंच्या अक्षरात दिसलं तेव्हा तिनं तो कोपरा फाडून कंपासपेटीत ठेवला. सावलीशेजारी तर त्या रोज बसायच्या. दोघीही न बोलणाऱ्या. त्यांचं काय चालायचं ते त्यांनाच माहीत, पण सावली घरी जाताना जिन्यावर गुणगुणायला लागली होती.

ते व्युत्क्रम कोन मात्र काही केल्या डोक्यात शिरत नव्हते. एक दिवस बाईंनी दोन बाक एकमेकांना समांतर लावले. खिडकीची ती लांब काठी दोन्ही बाकांवर तिरकी टाकली. मग मला आणि मागच्या बाकावरच्याला धरून आणलं आणि दोन कोनांमध्ये उभं केलं, मला काठीच्या या अंगाला, त्याला त्या अंगाला. आमच्या दोघांचं विळ्याभोपळ्याचं नातं सगळ्या शाळेला ठाऊक होतं. फळ्यावर बाईंनी लिहिलं आणि मला तिथूनच मान वळवून वाचावं लागलं, “हे दोघं सारखेच आहेत. तोंडं फक्त उलट दिशेला आहेत.”

वर्ग असा काही हसला की मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले.

“हा काय गोंधळ आहे?” ते म्हणाले. “बाई, तुम्हाला बोलता येत नाही, कबूल. पण वर्ग आवरता येत नसेल तर तसं सांगा.”

बाईंचा चेहरा उतरला. उत्तर लिहायला त्या फळ्याकडे वळल्या. तेवढ्यात सावली उभी राहिली. ती उभी राहिली हीच मोठी बातमी होती.

“सर,” ती म्हणाली. “गोंधळ नाही. व्युत्क्रम कोन आहेत.” मग ती काठीजवळ गेली आणि कोणता कोन कोणाशी सारखा, का सारखा, रेषा समांतर नसत्या तर काय झालं असतं, सगळं सांगितलं. हळू, पण न अडखळता. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“दार लावून हसा,” एवढंच म्हणाले, आणि जाताना स्वतःच दार ओढून घेतलं.

पुढचे ते महिने आठवले की मला अजून त्या वर्गातला खडूचा वास येतो. दुपारचं ऊन खिडकीतून तिरकं यायचं, बाईंच्या हाताची सावली फळ्यावर पडायची, आणि चाळीसेक वात्रट कार्टी डोळे फाडून त्या हाताकडे बघत असायची. शाळेतला सगळ्यात शांत तास आमचा, आणि सगळ्यात जास्त बोलणं त्याच तासाला व्हायचं.

वार्षिक परीक्षा जवळ आली तेव्हा शिपाईकाकांनी मधल्या सुट्टीत बातमी आणली. “तुमच्या बाई शिक्षकांच्या खोलीत बोलल्या आज. मी कानांनी ऐकलं.”

आम्हाला आनंद व्हायला हवा होता. पण वर्गात सुतक पडल्यासारखं झालं. मागच्या बाकावरचा म्हणाला, “झालं. आता परत तोफ.” माझी तर नोकरीच गेली होती.

तासाला बाई आल्या. नेहमीसारखं काही न बोलता खडू घेतला, लिहायला लागल्या. मी वाचायला उठले, पण वाचलं नाही.

“बाई,” मी म्हटलं, “तुमचा आवाज आला ना?”

खडू थांबला. बाई वळल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला, आणि तो मी ओळखलाच नाही. घोगरा, खालच्या पट्टीतला, जुन्या रेडिओसारखा.

“आला,” त्या म्हणाल्या. “आठवडा झाला.”

“मग बोलला का नाहीत?”

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला. “भीती वाटली गं.”

“कसली?”

“मी बोलायला लागले की तुम्ही गप्प व्हाल, याची.”

मग शेवटच्या बाकावरून सावलीनं बोट वर करून गोल फिरवलं. पुन्हा. पुन्हा बोला. एकेक करत सगळ्यांची बोटं फिरायला लागली. बाई हसल्या, डोळे पुसले आणि त्या नव्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “बरं, बरं. पण भोंगा खाली बसणार नाही. वाचायचं तिनंच.”

आमच्या टोपणनावांचा बाईंना पत्ता आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. “आणि तोफ म्हणता तेही मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “वाईट नाही. पण आता दुसरं काहीतरी शोधा.” आम्ही पुष्कळ डोकं चालवलं. काही सुचलं नाही. शेवटी नुसतं ‘बाई’च राहिलं.

त्या परीक्षेत आमची तुकडी काही पहिली-बिहिली आली नाही. काही जण गणितात राहिले, मागच्या बाकावरचाही राहिला. पण निकाल घेऊन तो घरी जायच्या आधी बाईंकडे गेला, आणि सगळी सुट्टीभर जात राहिला. मीही जायची. काकांच्या ओट्यावर बसून आम्ही दोघं भूमिती करायचो आणि काका लाकडाचे तुकडे तासून आम्हाला त्रिकोण करून द्यायचे. पुढच्या खेपेला तो पास झाला. आज त्याचं फर्निचरचं दुकान आहे. कोन मात्र आजही दोनदा मोजतो.

बाईंनी पुढे पुष्कळ वर्षं शिकवलं. आवाज पहिल्यासारखा कधीच झाला नाही. नव्या वर्गावर गेल्या की पहिल्या दिवशी नावं विचारायच्या, खुणा शिकवायच्या आणि म्हणायच्या, “मला मोठ्यानं बोलता येत नाही, तेव्हा तुम्हीच जवळ या.” मुलं जवळ यायची. काही नवे शिक्षक हसायचे, या वयात काय पोरखेळ, म्हणायचे. एकदोघांनी मात्र गुपचूप त्यांच्या तासाला मागे बसून पाहिलं आणि आपल्या वर्गात तेच सुरू केलं. मी बसस्थानकावर उद्घोषक झाले. दुसरं काय होणार होते म्हणा! घोषणा लिहून येते तेव्हा मी ती आधी मनात वाचते, आणि मलाच कळली नाही तर परत पाठवते. साहेब वैतागतात.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेनं सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, व्यासपीठावर ध्वनिक्षेपक होता. बाई काही वर चढल्या नाहीत. खाली आमच्यात येऊन बसल्या, शेजारी काका. आम्ही जुनी ‘आठवी क’ झाडून सगळी जमलो होतो. पोटं सुटायला लागलेली, केस कुठेकुठे पिकलेले. बाई एकेकाकडे वळून नावानं विचारत होत्या. आई कशी आहे, मुलगी कितवीत, दुकान चालतं का. सावली लांबून प्रवास करून आली होती. ती आता स्वतः शिक्षिका आहे. तिनं बाईंना सांगितलं, “माझ्या वर्गात एक मुलगा वर्षभर बोलतच नाही. मी काय करू?”

“त्याच्या शेजारी बसतेस का?” बाईंनी विचारलं.

“बसते.”

“मग बसत राहा. घाई कुणाला आहे?”

दोघी त्या मुलाबद्दल बोलत राहिल्या. तो कुठे बसतो, कुणाबरोबर डबा खातो, कशानं हसतो. सत्काराची वेळ टळून गेली. मुख्याध्यापिका, बाईंहून वयानं कितीतरी लहान, हार घेऊन शेजारी उभ्या होत्या आणि त्याही ऐकायला लागल्या. आम्ही खुर्च्या ओढून जवळ सरकलो. काकांना यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत, मान डोलावत, मजेत बसले होते.